कार्लाईलचा १९१२ चा हंगाम: सगळं एकट्या थॉर्पनेच केलं का?

प्रश्न असा आला आहे: "१९१२ साली कार्लाईल इंडियन स्कूलच्या संघाने वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीला २७–६ असं हरवलं. हे एकट्या जिम थॉर्पमुळे झालं का? कार्लाईल हे मुळात कॉलेज होतं का? आणि त्या सामन्यात थॉर्पने आयझेनहॉवरचा गुडघा मोडला, हे खरं आहे का?"

मी पेनसिल्व्हेनियात शाळांच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो. एकोणीस हंगाम झाले. पंचाला नियमपुस्तक पाठ असावं लागतं, आणि ते पाठ करता करता मला जुनी नियमपुस्तकं वाचायचा नाद लागला. त्या वाचनातून माझं जे मत झालं आहे ते आधीच सांगून टाकतो. थॉर्प हा कार्लाईलचा, म्हणजे अमेरिकेतल्या मूलनिवासी मुलांच्या त्या शाळेचा, खेळाडू; तो अफाट होता, त्यात वाद नाही. पण १९१२ चा हंगाम समजून घ्यायचा असेल तर त्याच्याबरोबर आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात: त्या वर्षी बदललेले नियम, आणि गस वेल्च नावाचा क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावर डाव ठरवणारा खेळाडू. वेल्चचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, म्हणून मी जरा जास्तच घेणार आहे.

नियमांपासून सुरुवात करतो. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. इथे लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं असतं. संघाला पुढे सरकण्यासाठी ठरावीक प्रयत्न मिळतात, एकेका प्रयत्नाला डाउन म्हणतात. तेवढ्यात दहा यार्ड काटले तर पुन्हा नवे डाउन, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. १९११ पर्यंत डाउन तीनच होते. तीनात दहा यार्ड म्हणजे दोन प्रयत्न फसले की तिसऱ्याला चेंडू लाथेने दूर उडवून द्यायचा, हाच शहाणपणा. त्यामुळे खेळ बराचसा उडवाउडवीचा व्हायचा.

१९१२ च्या हंगामाआधी तीनाचे चार डाउन झाले. टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्याच्या टोकाच्या रेषेपार नेण्याचे, पाचाचे सहा गुण झाले. मैदान ११० यार्डांचं होतं ते १०० चं झालं, आणि दोन्ही टोकांना दहा दहा यार्डांचा पट्टा आला, ज्यात पास झेलला तरी टचडाउन धरायचं ठरलं. फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू पुढे फेकणं, १९०६ पासून चालत होता, पण मधल्या काळात त्याच्यावर वीस यार्डांची मर्यादा घातली होती, तीही उठली. त्याआधी, १९१० मध्ये, चेंडू घेऊन पळणाऱ्याला मागून ढकलणं आणि पुढून ओढणं बंद झालं होतं. म्हणजे दहाबारा दांडग्यांचा घोळका करून रेटत नेण्याचे दिवस संपले होते. आज मी शनिवारी जो खेळ बघतो, त्याचा सांगाडा ज्या हंगामात पहिल्यांदा उभा राहिला तो हा हंगाम. कबड्डीत बोनस रेषा आली तेव्हा चढाईचं गणितच बदललं, हे ज्यांनी मैदानावर अनुभवलं आहे त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. रेषा एकच, पण पळायचं कुणी, थांबायचं कुणी, सगळं नव्याने ठरवावं लागतं.

आता आकडे बघा, आणि कृपया सावकाश बघा. १९११ मध्ये कार्लाईलने १२ सामन्यांत २९८ गुण केले आणि ४९ दिले. १९१२ मध्ये १४ सामन्यांत ५०४ केले आणि ११४ दिले. सरासरी काढली तर सामन्यामागे २५ च्या आसपास होते ते ३६ झाले. टचडाउन एका गुणाने महाग झाला म्हणून? तेवढ्याने फार तर पाचवा हिस्सा वाढेल, म्हणजे ३० पर्यंत जाईल. उरलेले सहा गुण कुठून आले? थॉर्प १९११ मध्येही होता. हार्वर्डला १८–१५ असं हरवलं त्यात त्याचे चार फील्ड गोल, म्हणजे लाथेने खांबांमधून मारलेले गोल, होते. वेल्चही होता. माणसं बरीचशी तीच. फरक पडला तो चौथ्या डाउनचा आणि त्या डाउनचा कसा उपयोग करायचा हे आधी कुणाला उमगलं त्याचा. प्रशिक्षक पॉप वॉर्नरला ते उमगलं होतं.

वॉर्नरचा संघ वजनाने हलका होता. अंगावर अंग घालून तो कुणाला रेटू शकला नसता. म्हणून वॉर्नरने हाफबॅकना, म्हणजे मागून चेंडू घेऊन पळणाऱ्यांना, मागच्या रांगेतून उचलून पुढच्या रांगेच्या टोकांशी, थोडं बाहेर, पंखांसारखं उभं केलं. पुढे या रचनेला डबल विंग म्हणू लागले. समोरून बघणाऱ्याला चेंडू कुणाकडे जाणार ते कळत नाही. टोकावरचा माणूस आत पळत येतो, चेंडू घेतो किंवा घेतल्यासारखं करतो, दुसरा उलट दिशेला जातो. मी स्वतः अशा रचनेचे सामने सांभाळले आहेत. पंच म्हणून सांगतो, पहिल्या दोन सेकंदांत चेंडू कुठे आहे हे मलाही दिसत नाही, आणि मला तर कुणी धडक मारायला येत नसतं. वेस्ट पॉइंटच्या बचाव फळीची त्या दिवशी काय गत झाली असेल, याची मला कल्पना करता येते.

पण रचना आखणं वेगळं आणि मैदानावर ती वेळेवर वापरणं वेगळं. इथे वेल्च येतो. त्या काळच्या नियमांप्रमाणे रेषेबाहेरून सूचना द्यायला बंदी होती. प्रशिक्षकाने बाकावर गप्प बसायचं. बाहेर गेलेला खेळाडू त्याच क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या त्याच पावहिश्श्यात, परत आत येऊ शकत नसे, म्हणून निरोप्या पाठवण्याचीही सोय नव्हती. तेच अकरा जण हल्लाही करत आणि बचावही. आजच्यासारखं हेल्मेटमध्ये स्पीकर नाही, बाजूला फलक धरून उभी असलेली माणसं नाहीत. पुढचा डाव कुठला, हे प्रत्येक वेळी क्वार्टरबॅक ठरवायचा. समोरची रांग बघून, आपला कोण दमलाय ते ओळखून, किती यार्ड हवेत ते मनात ठेवून. कार्लाईलचं हे काम वेल्च करायचा. वॉर्नरने रचना दिली, थॉर्पने पाय दिले, पण त्या ५०४ गुणांमागचे बहुतेक निर्णय वेल्चच्या डोक्यातले आहेत. वेल्च विस्कॉन्सिनचा, ओजिब्वे जमातीचा. अंगाने लहानखुरा आणि पळायला चपळ.

आता कॉलेज होतं का, या प्रश्नाकडे वळतो. नव्हतं. कार्लाईल ही अमेरिकेच्या सरकारने १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या लष्करी छावणीत उघडलेली निवासी शाळा होती. संस्थापक कॅप्टन रिचर्ड हेन्री प्रॅट. देशभरच्या मूलनिवासी जमातींची मुलं इथे आणली जात. आल्याबरोबर केस कापले जात, अंगावरचे कपडे बदलले जात, नाव इंग्रजी ठेवलं जाई, स्वतःची भाषा बोलायला मनाई. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस सुतारकाम, शिंपीकाम, धुणं, शेती. सुट्टीत गोऱ्या कुटुंबांकडे राबायला पाठवलं जाई. शिक्षणाची इयत्ता कॉलेजची नव्हती, पण विद्यार्थी मात्र विशीतलेही होते. थॉर्प १९१२ मध्ये पंचविशीत होता, त्यामुळे "शाळकरी पोरांनी कॉलेजांना हरवलं" असं म्हणणंही बरोबर नाही. वयाने ते प्रतिस्पर्ध्यांच्याच बरोबरीचे होते. आणि मोठी कॉलेजं त्यांच्याशी आनंदाने खेळत, कारण कार्लाईलचा संघ आला की तिकिटं खपत.

ही तिकिटांची बाब बाजूला सारता येत नाही. कार्लाईलकडे मोठं मैदान नव्हतं, म्हणून बहुतेक मोठे सामने बाहेर, जिथे गर्दी तिथे. पैसा यायचा तो खेळ विभागाच्या खात्यात, आणि त्या खात्यावर वॉर्नरची पकड होती. १९१२ चं वेळापत्रक मी एकदा वहीत तारखांसह उतरवून काढलं. २१ सप्टेंबरला ऑलब्राइटपासून सुरुवात, २८ नोव्हेंबरला ब्राउनशी शेवट. दहा आठवड्यांत चौदा सामने. आजच्या शाळा-कॉलेजच्या संघाला आठवड्याला एकच सामना असतो आणि तरी शेवटच्या महिन्यात पोरं लंगडत असतात.

सुरुवातीचे चार सामने सोपे गेले: ऑलब्राइट ५०–७, लेबनन व्हॅली ४५–०, डिकिन्सन ३४–०, व्हिलानोव्हा ६५–०. पाचवा, ५ ऑक्टोबरचा, वॉशिंग्टन अँड जेफरसनविरुद्ध ०–० असा सुटला. मला विचाराल तर हाच सामना या संघाला सगळ्यात उपयोगी पडला असावा. चांगला बचाव समोर आला की नुसता वेग पुरत नाही, हे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच कळलं. नंतर सिरॅक्यूजला ३३–० हरवलं. आदल्या वर्षीचा एकुलता एक पराभव, ११–१२, त्यांच्याकडूनच झाला होता. मग पिट्सबर्ग ४५–८.

त्यानंतरचे आठ दिवस मात्र नीट बघा. २६ ऑक्टोबर, शनिवार: वॉशिंग्टनला जॉर्जटाउनशी, ३४–२०. लगेच रेल्वे. २८ ऑक्टोबर, सोमवार: कॅनडात टोरांटोला, ४९–१. तो एक गुण बघून गोंधळू नका; सामन्याचा काही भाग कॅनडाच्या नियमांनी खेळला गेला, आणि त्या खेळात एकेरी गुण असतो. मध्ये एकच दिवस, तोही गाडीत. पुन्हा रेल्वे. २ नोव्हेंबर, शनिवार: लीहायशी, ३४–१४. आठ दिवसांत तीन सामने, दोन देश, दोन नियमपुस्तकं. अकरा जण, जे पूर्ण वेळ दोन्ही बाजूंनी खेळतात. पंच म्हणून मला त्यांच्या जिंकण्यापेक्षा त्यांचं उभं राहणं जास्त थक्क करतं. आणि हे वेळापत्रक ज्यांनी आखलं त्यांनी या पोरांच्या अंगाचा विचार केला नव्हता, हेही तितकंच स्पष्ट दिसतं.

याच्या पुढच्या शनिवारी, ९ नोव्हेंबरला, वेस्ट पॉइंट.

हा सामना इतर सामन्यांसारखा का नव्हता, ते वेगळं सांगायला हवं. वेस्ट पॉइंट म्हणजे अमेरिकन लष्कराचे अधिकारी घडवणारी अकादमी. मूलनिवासींविरुद्धच्या युद्धांत नाव झालेला कस्टर तिथलाच, १८६१ चा. वुंडेड नी या ठिकाणी लष्कराने लकोटा जमातीच्या स्त्रिया-मुलांसह शेकडो माणसं मारली ती डिसेंबर १८९० मध्ये. म्हणजे सामन्याच्या दिवशी त्या गोष्टीला पुरती बावीस वर्षंही झाली नव्हती. कार्लाईलच्या खेळाडूंच्या घरची वडीलधारी माणसं ती युद्धं पाहिलेली होती. खुद्द अमेरिकेत सगळ्या मूलनिवासींना नागरिकत्व देणारा कायदा यायला अजून बारा वर्षं होती, १९२४ ला आला. त्या दुपारी समोरासमोर कोण उभं होतं, हे दोन्ही बाजूंना न सांगता ठाऊक होतं. सामन्याआधी वॉर्नरने मोठं जोशपूर्ण भाषण केल्याची गोष्ट हौसेने सांगितली जाते. मला ती फारशी पटत नाही. त्या मुलांना ही आठवण करून द्यायला वॉर्नरची गरज नव्हती.

लष्कराने पहिला टचडाउन केला, पण त्यानंतरची एका जादा गुणाची किक चुकली: ६–०. कार्लाईलच्या बर्गीने टचडाउन केला, थॉर्पने किक साधली: ७–६. मध्यंतराला एवढाच फरक. नंतर लष्कराचा कर्णधार डेव्होर याने कार्लाईलच्या जो गायनवर राग काढला आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं. कार्लाईलचाही एक खेळाडू मारामारीसाठी बाहेर गेला होता. हे वाचताना मला त्या पंचांबद्दल मनापासून आदर वाटतो. वेस्ट पॉइंटच्या मैदानावर, वेस्ट पॉइंटच्या प्रेक्षकांसमोर, वेस्ट पॉइंटच्या कर्णधाराला "बाहेर" म्हणणं सोपं नव्हे. मी एका गावात यजमान संघाच्या लाडक्या खेळाडूला बाहेर काढलं होतं. सामना संपल्यावर गाडीपर्यंत जाताना माझ्या मागून काय काय ऐकू आलं ते अजून आठवतं.

उत्तरार्धात कार्लाईलने वीस गुण केले आणि एकही दिला नाही. आता तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: त्या सामन्यात कार्लाईलचे चार टचडाउन झाले आणि त्यातला एकही थॉर्पच्या नावावर नाही. एक बर्गीचा, तीन ॲलेक्स आर्कासाचे. थॉर्प पळत होता, किक मारत होता, टॅकल करत म्हणजे समोरच्याला धरून पाडत होता, आणि अख्खं लष्कर त्याच्या मागे धावत होतं. वेल्चने नेमका त्याचाच फायदा घेतला. सगळे डोळे थॉर्पवर, आणि चेंडू आर्कासाकडे. पंखांची रचना होतीच त्यासाठी. थॉर्पने एक किक परत पळवत नेऊन टचडाउन केला होता, पण पेनल्टीमुळे तो रद्द झाला. त्या धावेचे यार्ड सांगणाऱ्यागणिक वाढत गेले आहेत, तेव्हा छापील आकड्यावर फार विसंबू नका. रद्द झाला एवढं पक्कं.

आयझेनहॉवरबद्दल. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला ड्वाइट आयझेनहॉवर तेव्हा बावीस वर्षांचा कॅडेट होता आणि या सामन्यात खेळला. तो आणि त्याचा एक सहकारी मिळून थॉर्पला अडवायला गेले आणि एकमेकांवरच आदळले. गुडघा मात्र त्या दिवशी गेला नाही. तो गेला पुढच्या आठवड्यात, टफ्ट्स कॉलेजविरुद्धच्या सामन्यात. थॉर्पने राष्ट्राध्यक्षाचा गुडघा मोडला हे ऐकायला जोरदार वाटतं, पण तसं घडलेलं नाही. आयझेनहॉवरने म्हातारपणी थॉर्पचं तोंडभरून कौतुक केलं, त्यात एक वाक्य असं होतं की त्याने आयुष्यात कधी सराव केला नाही. हे मला मान्य नाही. मूलनिवासी खेळाडूंबद्दल असं नेहमीच बोललं गेलं: निसर्गाने दिलं, त्यांना शिकावं लागलं नाही. चौदा सामने, नवी रचना, पास, किक, टॅकल, सगळं न शिकता येत नसतं. ही स्तुती ऐकायला गोड आहे, पण त्यात त्या माणसाचे कष्ट पुसले जातात.

विजयाच्या पुढच्याच शनिवारी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कार्लाईलला ३४–२६ असं हरवलं. हंगामातला एकमेव पराभव. मग स्प्रिंगफील्डशी जेमतेम ३०–२४. पहिल्या सात सामन्यांत मिळून फक्त १५ गुण दिलेला हा संघ या दोन सामन्यांत ५८ देऊन बसला. थकवा, दुसरं काही नाही. शेवटी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्रॉव्हिडन्सला बर्फात ब्राउनला ३२–० हरवलं. कार्लाईलसाठी थॉर्पचा तो शेवटचा सामना. बारा विजय, एक पराभव, एक बरोबरी. थॉर्पचे त्या हंगामातले २५ टचडाउन आणि १९८ गुण, हा आकडा सर्वत्र छापला जातो.

आणि हे सगळं त्याच वर्षी, ज्या वर्षी जुलैत त्याने स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं जिंकली होती. जानेवारी १९१३ मध्ये बातमी फुटली की १९०९–१० मध्ये तो उत्तर कॅरोलिनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. पैसे घेऊन खेळणाऱ्यांना ऑलिंपिकला मनाई होती, म्हणून पदकं काढून घेतली. स्टॉकहोमच्या नियमांप्रमाणे तक्रार तीस दिवसांत यायला हवी होती. ती मुदत केव्हाच उलटून गेली होती. कुणी ते बघितलं नाही. १९८३ मध्ये त्याच्या मुलांना प्रतिकृती दिल्या, आणि तोच एकमेव विजेता अशी नोंद व्हायला २०२२ उजाडलं. थॉर्प १९५३ मध्येच गेला होता.

कार्लाईलला मी दोनदा जाऊन आलो. आता तिथे लष्कराचं वॉर कॉलेज आहे. जुनं मैदान अजून आहे, त्याला इंडियन फील्डच म्हणतात. मी आधी मैदान बघायला गेलो होतो, पण जास्त वेळ थांबलो ते दफनभूमीत. रस्त्याच्या कडेलाच आहे. लहान, पांढऱ्या, सैनिकी थाटाच्या शिळांच्या रांगा, तेव्हा दीडशेहून जास्त. शिळेवर इंग्रजी नाव, खाली जमातीचं नाव. काहींवर नुसतं "अज्ञात". ही सगळी शाळेत वारलेली मुलं. २०१७ पासून त्यांचे अवशेष एकेका कुटुंबाकडे परत पाठवले जात आहेत. म्हणून रांगेत मध्येच मोकळी जागा दिसते, नवं गवत लावलेली. ज्या शाळेला फुटबॉलने नाव मिळवून दिलं तीच ही शाळा. स्कोअर सांगताना मी हे कधी वगळत नाही.

वेल्चनेही वगळलं नाही. १९१३ मध्ये तो संघाचा कर्णधार होता. त्याच्या पुढाकाराने दोनशेहून जास्त विद्यार्थ्यांनी सह्या करून शाळेच्या कारभाराची चौकशी मागितली, आणि १९१४ मध्ये काँग्रेसची, म्हणजे अमेरिकन संसदेची, समिती कार्लाईलला आली. खाणंपिणं, मारहाण, खेळाच्या खात्यातला पैसा, सगळं बाहेर निघालं. ज्या वॉर्नरच्या रचना तो मैदानावर चालवत होता, त्याच वॉर्नरच्या शिवीगाळीबद्दल आणि वागणुकीबद्दल वेल्चने समितीसमोर साक्ष दिली. शाळेचा अधीक्षक फ्रीडमन गेला. वॉर्नर पिट्सबर्गला प्रशिक्षक म्हणून रुजू झाला आणि तिथे आणखी नावारूपाला आला. शाळा १९१८ मध्ये बंद पडली. वेल्चने त्याच गावातल्या डिकिन्सनमध्ये कायद्याचं शिक्षण घेतलं, पहिल्या महायुद्धात तो लष्करात अधिकारी होता, आणि १९१९ ते १९२२ वॉशिंग्टन स्टेटच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक.